मोगऱ्याचा पुडा

साहेबानं गाडीची काच दोन बोटं खाली केली आणि त्या फटीतून माझ्या हातावर उदबत्तीचा पुडा टाकला. मोगरा.

“वास येतो म्हणता ना? हे लावा. तशी तुम्हा लोकांना सवय असतेच.”

नाकावर रुमाल होता. माझ्या कडेवरच्या पोरीकडं बघितलंसुद्धा नाय. काच वर.

बजाजनगरच्या पुढं, कंपन्यांच्या पाठीला आमची वस्ती. वस्तीला खेटून साहेबाचं शेड. कंपन्यांचा सडका गाळ ट्रकांतून तिथं येतो, ड्रमात साठतो. वास असा, की त्याच्यावर ओली गोधडी वाळत घाला, पडायची नाय. एक कावळा वरून उडता उडता बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला तो थेट पाचोडला ऱ्हायला गेला. खोटं वाटत असंल तर त्याला विचारा.

पण हापशाचं पाणी पिवळं झालं, ते खोटं नाय. पोरीच्या पायावरचे चट्टे खोटे नायत.

साहेबाच्या माणसांनी घरटी एकेक पुडा वाटला. फोटो काढले. “हसा,” म्हणाले. आम्ही हसलो. मीबी.

घरी सासूनं पुडा हुंगला.

“उदबत्ती देवापुढं लावत्यात, न्हाय तर मढ्यापुढं. देताना त्यानं तुला हात जोडले का गं?”

“नाय.”

“मग तो तुला काय समजला, ते बघ.”

रातभर डोळा लागला नाय. मढं? बरं. मढं दाखवतेच त्याला.

सकाळी ट्रक आला. अख्ख्या वस्तीच्या बाया रस्त्यात बसल्या. चाकांपुढं चिखलात उदबत्त्या खोचल्या, बॉनेटवर हार घातला. आणि सासूनं साहेबाच्या नावानं हंबरडा फोडला. तिच्यासारखी हेल काढून रडणारी मराठवाड्यात दुसरी नाय.

“अरं माझ्या साहेबाऽऽ, काच वर करूनच गेलास रंऽऽ!”

दौलताबादच्या किल्ल्यावरची माकडं म्हणं गळ्यात गळा घालून रडली.

ड्रायव्हरनं इंजन बंद केलं. फोनवर साहेबाला म्हणाला, “मय्यत के ऊपर से गाडी नक्को साब. मेरे भी बच्चे हैं.”

साहेब धावत आला. पहिल्यांदा गाडीतून खाली उतरला. बूट चिखलात. रुमाल विसरला.

“बंद करा हे! मी जिवंत आहे!”

मी उठले. पोरीचे पाय त्याच्या तोंडापुढं धरले.

“आम्हीपण.”

ट्रक उलटा गेला. शेड उभंच आहे. साहेब म्हणतो, केस करतो. कर.

उरलेले पुडे माझ्या पेटीत आहेत. शेडातला शेवटचा ड्रम हलंपर्यंत त्याच्या नावानं रडणार. आता रस्त्यात नाय, त्याच्या बंगल्यापुढं. शेजाऱ्यांनी खिडक्या उघडून विचारावं, कोण गेलं? घरात मोगरा दरवळला, की त्याच्या हातातला घास खाली पडला पाहिजे.

माफी मागायला आला, तर मीपण दोनच बोटं दार उघडीन.