शेवंतीच्या पाठीवर अक्का

धर्माबादला लेकीकडे होते, तिथं पुतण्याचा फोन आला. "काकू, आई गेली." महेश एवढंच बोलला. चाकूरला पोचेपर्यंत आमच्या थोरल्या जाऊबाई आजारी अशा डोळ्यांपुढं आल्याच नाहीत. काष्टा घालून घोडीवर बसलेल्या अक्काच दिसत राहिल्या...

आमचे थोरले दीर अचानक गेले तेव्हा अक्का पन्नाशीच्या आत होत्या. कापडाचं दुकान महेश बघू लागला आणि अक्का माजघरातून बाहेर येईनाशा झाल्या. ताट वाढलेलं तसंच राहायचं. अशात एका सकाळी वरातीला घोडी देणारे खाजाभाई परसदारी येऊन उभे राहिले. भाऊ हैदराबादला दवाखान्यात, त्यांना तातडीनं निघायचं होतं. "अक्का, घोडी दो रोज इधर बांधतूं. मना मत करो." घोडी परसात बांधून ते तसेच निघाले. घोडी पांढरट, नाव शेवंती. दुपारी ती खिंकाळायला लागली. मी चुलीपाशी अडकलेली, तर अक्काच बादली भरून परसात गेल्या. किती तरी दिवसांनी त्यांच्या अंगावर ऊन पडलं.

खाजाभाई परतले ते धंदा बंद करायचं ठरवून. अक्कांनी घोडी ठेवून घेतली, आणि बसायलाही त्यांच्याकडूनच शिकल्या. शेताकडं जाणाऱ्या पांदीत खाजाभाई लगाम धरून पुढं, सोबतीला मी मागं. पहिल्याच दिवशी पडल्या. लुगड्याची माती झाडत बसल्या बसल्या हसायला लागल्या. दीर गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. पुढं एकट्या जायला लागल्या. पेठेत कुजबुज सुरू झाली. "आई, लोक काय बोलायलेत, ऐकलं का?" महेशनं विचारलं. "बोलू दे की. इतक्या वर मला ऐकू येत न्हाई." त्यांचं बघून मी स्कूटी शिकले. चाळिशी उलटलेली बाई, हँडल हातात धरताच घाम फुटायचा. अक्का ओरडायच्या, "अगं, ती तर लाथ बी मारत न्हाई!"

चांगली काही वर्षं अशी गेली. मग कंबर दुखायला लागली. हाडं ठिसूळ झालीत, पडलात तर उठणार नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं. घोडी द्यायचं अक्कांनी स्वतःच ठरवलं. "नुसती बांधून ठेवलेली बघवत न्हाई मला." किल्लारीच्या एका शेतकऱ्यानं नेली. त्यानंतर किल्लारीला नात्यात लग्न निघालं, तेव्हा परतताना आम्ही त्या शेतकऱ्याच्या दारी थांबलो. शेवंती बाहेर आली आणि सरळ अक्कांच्या खांद्यावर तोंड टेकवून उभी राहिली. शेतकरी म्हणाला, "बसा अक्का, म्या धरून हळू चालवतो." नेहमी घाबरणारा महेशसुद्धा म्हणाला, "बस आई, मी आहे बाजूला." अक्कांनी खोगिरावर हात ठेवला. बराच वेळ तो तिथंच होता. मग म्हणाल्या, "नको रे. बसले तर उतरावं वाटायचं न्हाई."

शेवटच्या आजारपणात, लेकीकडे जायच्या आधी, मी उशाशी होते. डोळे मिटलेलेच होते. म्हणाल्या, "सरू, त्या दिवशी बसायला पाहिजे होतं गं." बऱ्या झाल्यावर जाऊ, असं मी म्हटलं. त्यांनी माझा हात थोपटला, जणू समजूत माझीच काढायची होती... शेवंती किल्लारीत अजून धडधाकट आहे. त्या एका फेरीला काय लागलं असतं, हे मनातून जात नाही.

रस्त्यावर टापा वाजल्या की अक्का हातातलं टाकून खिडकीशी जायच्या. नवरदेवाकडं त्यांचं लक्षच नसायचं. आवाजावरून त्यांना कळायचं, आणि तिथूनच ओरडायच्या, "नाल ढिली हाय रे, बघ!" परवा पेठेतून वरात चालली होती. महेशची बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "काकू, मागचा डावा पाय..." ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. मी खिडकी उघडली आणि घोडेवाल्याला हाक मारली.