सांडू डोईफोडे कुवेतला निघाला तेव्हा

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीतला कोणाचाही पोरगा दुबईला नाहीतर मस्कतला निघाला, की घरचे त्याला आधी सांडूआबांकडं पाठवतात. आबा ओट्यावर बसलेलेच असतात. "लोणचं काचेच्या बरणीत नेऊ नको, पत्र्याच्या डब्यात ने अन् झाकणाला कणीक लाव. कागदं पेटीत ठेवू नको, अंगावर ठेव." पोरं गालातल्या गालात हसतात. "आबा, तिथं आता सगळं मिळतं." आबा म्हणतात, "मिळू दे की! मिळतं म्हणून घरचं नेऊ नये असं कोणी सांगितलं?"

आता या पोरांचं काय घ्या! बोटानं मोबाईल चोळायचा, फॉर्म भरला. पुन्हा चोळायचा, तिकीट आलं. सांडूआबा निघाले ते सत्त्याहत्तर साली, आणि तेव्हाची तयारी म्हणजे लेकीचं लग्न काढल्यासारखी होती. ती सांगताना आबांचा आवाज आजही हळवा होतो. थोडी त्यांची आणि बरीचशी त्यांच्या आईची अशी ही गोष्ट आहे.

तेव्हा सांडू अठ्ठावीसचा होता आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वेल्डर होता. राहायचा फुलंब्रीच्या अलीकडच्या एका वाडीत, जायचा-यायचा सायकलीवर. मुंबईच्या एजंटानं परीक्षा घेतली, दोन पाईप जोडायला दिले. यानं असा सांधा घातला की साहेबानं बोट फिरवून पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. कुवेत! "दोन महिन्यांत पासपोर्ट घेऊन या," एजंट म्हणाला, "विमान कोणासाठी थांबत नाही."

मग सुरू झाली धावपळ. रोशन गेटला दस्तगीरभाई म्हणून एक टेलर होता, दोन वर्षं कुवेतला राहून आलेला. तो सांडूचा गुरू झाला. पैठण गेटच्या स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट टांगलेला असायचा, जो येईल त्याच्यासाठी तोच. तो घालून सांडूनं फोटो काढले. बाह्या आखूड, म्हणून हात मागं लपवलेले. घाटी दवाखान्यात जाऊन सुया टोचून घेतल्या, त्याचं पिवळं पुस्तक मिळालं. दस्तगीरभाईनं दोन ढगळ सुती शर्ट शिवून दिले, आतल्या अंगाला कागदांसाठी चोरखिसा. "उधर पसीना नइं आता मियाँ," तो म्हणाला, "आदमीच सूखता." आबा हे वाक्य अजून त्याच्या आवाजात म्हणून दाखवतात आणि एकटेच हसतात. दस्तगीरभाई गेला त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

सगळं जमत आलं होतं आणि पासपोर्टाच्या चौकशीला हवालदार वाडीत आला. त्यानं सांडूचा शाळेचा दाखला पाहिला, मग रेशनकार्ड पाहिलं, मग सांडूकडं पाहिलं.

"का रे, तुला दोन बाप कसे? हितं बाप कारभारी गाडेकर, तिथं बाप सोनाजी डोईफोडे!"

सांडूला त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. साऱ्या वाडीला ठाऊक असलेली गोष्ट सरकारला ठाऊक नसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. वाडीत कोणीही सांगितलं असतं की सांडू विकलेला आहे.

हसू नका. बानाबाई आणि सोनाजी डोईफोडे मेंढरामागं हिंडणारी माणसं. बानाबाईची चार लेकरं एकामागून एक गेली. कोणी गोवरानं, कोणी तापानं. एक तर रझाकारांच्या धामधुमीत डोंगरात लपले असताना. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली पाचवं झालं तेव्हा म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, हे तुझं ठेवू नको. सुपात घालून पोर उकिरड्यावर टाकलं. शेजारच्या कारभारीची बायको द्वारकाबाई गाडेकर ठरल्याप्रमाणं तिथून गेली, "अगं बाई, कोणाचं सांडलंय हे!" म्हणत तिनं ते उचललं आणि बानाबाईच्या ओटीत पैलीभर ज्वारी घातली. पोर द्वारकाबाईचं झालं. नाव पडलं सांडू. मरणानं दार वाजवलं तर बानाबाईला म्हणता यायला हवं होतं की माझ्या घरात माझं कोणी नाही.

दूध पाजलं बानाबाईनंच, वाढवलं तिनंच. पण कधी 'माझा' म्हणाली नाही. हाक मारायची ती "ए द्वारकाबाईच्या!" अशी. सांडू द्वारकाबाईला 'माय' म्हणायचा आणि जन्मदातीला 'काकी'. शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, कोणाचा पोरगा? सोनाजी बाजूला उभा होता, म्हणाला, "कारभारीचा." झालं, दाखल्यावर तेच चढलं. लग्नात अशी पोरं आईनं सोडवून परत घ्यायची असतात. सांडूच्या लग्नात सगळ्यांनी सांगून पाहिलं. बानाबाई म्हणाली, "राहू द्या. जगतोय ना?"

हवालदार भला माणूस होता. म्हणाला, "बाप तर दोन्ही वारले. आईनं तहसीलदारापुढं सांगावं, हा माझ्या पोटचा म्हणून. अंगठा द्यावा, बस."

बस म्हणे! त्याचं काय जातं म्हणायला?

बानाबाईनं ऐकलं आणि चूल सोडून उठलीच. "म्या नाय म्हणणार."

"मंग म्या सांगते माझाय म्हणून," द्वारकाबाई पुढं सरसावली.

"खोटं लिहून दिलं तर दोघीबी आत जाताल," हवालदार म्हणाला.

आठ दिवस घरात हेच चाललं. सांडूची बायको आशाबाई भांडी जरा जास्तच आपटायची. द्वारकाबाई रोज येऊन समजवायची, "बाने, अठ्ठावीस वर्षं झाली. घोड्याएवढा झालाय. आता कोण नेतंय त्याला?"

"चौघांना माझं माझं केलं," बानाबाई म्हणायची. "चारी गेले. तू मला शानपन शिकवू नको."

सांडूला राग यायचा, हे आबा लपवत नाहीत. कुवेत हातचं चाललं होतं हे खरंच. पण आत दुसरंही काही होतं. आपल्याला कोणीतरी एकदा 'माझा' म्हणावं, ही भूक त्याला लहानपणापासून होती आणि ती सांगायची सोय नव्हती. बाप्या माणूस हे बोलणार कोणाजवळ?

शेवटी बुधवारी द्वारकाबाईनं बानाबाईला जवळजवळ ओढतच मोटारीत बसवलं. तहसील कचेरीत ही गर्दी. दुपारी पुकारा झाला. तहसीलदारांनी मान वर न करता विचारलं, "बाई, हा कोणाचा मुलगा?"

बानाबाईनं पदर सावरला. मग म्हणाली, "द्वारकाबाईचा."

साहेबांनी पेन टेबलावर टाकला. "अर्जात एक, तोंडात एक! चला, पुढचा कोण?"

तिघं व्हरांड्यात आली. द्वारकाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. बानाबाई भिंतीला टेकून उभी राहिली, आता शिव्या येणार म्हणून तयार. तो भांडला असता तर ती अजून घट्ट झाली असती. पण सांडूनं फोटोंचं पाकीट पिशवीत टाकलं, खाली वाकला आणि तिच्या वहाणेचा निसटलेला अंगठा नीट बसवला.

"चल काकी, घरी जाऊ. नाय जायचं मला कुठं."

"खरंच नाय?"

"नाय. तुला एवढं भ्याव वाटतं, तर कशाला?"

बानाबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग वळली आणि शिपायाला बाजूला सारून तडक आत शिरली. तहसीलदार दुसऱ्याचं ऐकत होते. तिनं पदर तोंडावर घेतला, दाराकडं एकदा पाहिलं, खिडकीकडं पाहिलं आणि पुटपुटली, "माझा हाय."

"मोठ्यानं बोला बाई, ऐकू येत नाही."

तिनं पुन्हा खिडकीकडं पाहिलं. सांडू दारात उभा होता, त्याला ते दिसत होतं. त्याला वाटलं, पुढं होऊन थांबवावी. पण त्यानं थांबवली नाही, कारण त्याला ऐकायचं होतं. याची लाज आबांना अजून वाटते.

बानाबाईनं पदर खाली घेतला. "माझा हाय, सायेब! माझ्या पोटचा हाय. पाचवा. लिवा."

सगळी कचेरी वळून बघायला लागली. अंगठा उठला. बाहेर आल्यावर सांडूनं चहा घेतेस का विचारलं, तर ती म्हणाली, "हितं थांबू नको, चल लवकर."

पासपोर्ट आला. पण त्या दिवसापासून बानाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. सांडू विहिरीवर गेला की ही मागं. सायकल काढली की हिची कुरकुर. रस्त्यानं कुत्रं रडलं तरी दारात येऊन बघायची. आशाबाईनं लाडू बांधले, द्वारकाबाईनं लोणच्याचा डबा भरला; बानाबाईनं कशाला हात लावला नाही.

निघायच्या दिवशी सगळी स्टेशनावर आली. तेव्हा छोटी लाईन होती; मनमाडला उतरून मुंबईची गाडी धरायची. सांडू खिडकीशी बसला. द्वारकाबाई हुंदके देत होती, आशाबाईचे डोळे सुजलेले. बानाबाई मात्र चार हात लांब, एका खांबाशी उभी होती, जणू दुसऱ्याच कोणाला पोचवायला आली होती.

शिट्टी झाली. आता तरी जवळ येईल म्हणून सांडू बघत राहिला. कधी नव्हे ते 'आई' तोंडाशी आलं होतं. कागदावर लिहून झालं होतं, आता हाक मारायला कोणाची आडकाठी होती?

बानाबाईनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "जा रे द्वारकाबाईच्या! माझा कोण लागतोस तू? मला नाय कोणी! उकिरड्यावरचं पोर, कुटंबी जा!"

माणसं टकामका बघायला लागली. एक बाई म्हणालीसुद्धा, काय कजाग म्हातारी आहे! पण ती हे कोणाला ऐकवतेय ते सांडूला कळलं. कचेरीत जे बोलून बसली, ते ती पुसत होती, गाडी हलायच्या आत.

त्यानं तोंडाशी आलेला शब्द गिळला. खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि घसा फोडून ओरडला, "व्हय काकी! म्या तुझा कोणी नाय!"

"नायच कोणी!"

"कोणीच नाय!"

गाडी फलाट सोडून पार पुढं जाईपर्यंत दोघं एकमेकांना तसंच ओरडून सांगत राहिली.