धुलाईघरातला अबोला

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात जे धुलाईघर आहे, तिथल्या कडकमावशी हल्ली फार आभार मानतात. इतके, की समोरच्याला अवघडल्यासारखं व्हावं. लिफ्ट वेळेवर आली की देवाचे आभार, बॉयलर कुरकुर न करता पेटला की आभार, चहात साखर जास्त पडली तरी "पडली तर खरी" म्हणून आभार. नव्याने कामाला लागलेल्या बायकांना वाटतं, ही बाई जन्मापासूनच अशी मऊ असणार. जुन्या बायका मग एकमेकींकडे बघून गालातल्या गालात हसतात. त्यांनी मावशींचा आधीचा अवतार पाहिलेला आहे.

कडकमावशी हे नाव काही लाडाने पडलेलं नव्हतं. एक कारण म्हणजे खळ. धुतलेल्या चादरी खळीच्या पाण्यातून काढायच्या आणि ओलसर असतानाच तापलेल्या रुळाखालून सरकवायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या हातची चादर इतकी ताठ निघायची, की वरचे वॉर्डबॉय विचारायचे, ही अंथरायची की भिंतीला टेकवून उभी करायची? दुसरं कारण स्वभाव. बाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. "मावशी, बरं आहे ना?" असं कुणी साधं विचारलं, तर "का, तुला काय वाईट दिसलं?" असं अंगावर यायचं. पण या सगळ्याच्या मुळाशी वेगळीच गोष्ट होती आणि ती धुलाईघरात सगळ्यांना ठाऊक होती. मावशींचं आणि देवाचं बोलणं बंद होतं.

एके काळी प्रार्थनाघरात पहिल्या रांगेत बसून गाणाऱ्या याच. त्यांचा नवरा इथेच बॉयलरवर होता. शांत माणूस. माणसांपेक्षा बॉयलरशीच जास्त बोलायचा. त्याला छातीचं दुखणं जडलं. मावशींनी औषधपाण्यात कसूर केली नाही आणि प्रार्थनेतही नाही. डॉक्टरांनी हात टेकले तरी त्यांनी गुडघे टेकायचं सोडलं नाही. तरीही तो गेला. आलेली माणसं पांगल्यावर मावशींनी स्वयंपाकघराच्या छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं तुझ्या मनासारखं? आता तुझं माझं बोलणं संपलं." दुसऱ्या दिवसापासून त्या प्रार्थनाघरावरून जाणारा जवळचा रस्ता सोडून बाजाराला वळसा घालून कामावर येऊ लागल्या.

दुःख खोटं नव्हतं. रडायचा, भांडायचा त्यांना पुरेपूर अधिकार होता, आणि देवाशी भांडलेली चांगली माणसं जगात काही कमी नाहीत. पण भांडायचं तर समोर उभं राहावं लागतं. मावशींनी पाठच फिरवली.

बरं, अबोला धरायचा तर नीट तरी धरावा! ते मावशींना जमेना. घरात नवरा-बायकोचं बिनसलं की कशी ती पोराला सांगते, "सांग तुझ्या बाबांना, जेवण वाढलंय," तशी त्यांची तऱ्हा. इथे पोराच्या जागी होती दोरीवाली. वाळवणीच्या खोलीत दोऱ्यांवर कपडे टाकायचं काम करणारी ही बाई हडकुळी, सरळ आणि भारी भाविक. मावशी तिला म्हणायच्या, "काय गं, तुझ्या त्या मोठ्या साहेबांना सांग, खोलीतला पंखा बंद पडलाय. त्यांना कुठलं दिसायला."

दोरीवाली बिचारी खरंच सांगायची. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायची, "मावशी, सांगितलं हं काल."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

"ऐकूनच घेतात. करत काही नाहीत," असं म्हणून मावशी पुढची चादर ओढायच्या.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण मुलाचं लग्न झालं आणि घोडं घरात अडलं. सून शाळेत शिकवायची. आवाज हळू, पण मनाची ठाम. पहिल्याच दिवशी जेवायला बसताना तिने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत देवाचे आभार मानले. मावशींच्या हातातला डाव तिथल्या तिथे थांबला.

"या घरात ते नाव घ्यायचं नाही."

"आई, मोठ्याने नाही घेणार. पण घेतल्याशिवाय मला घास जायचा नाही."

"मग जिथे जाईल तिथे जाऊन जेव."

मुलगा आईच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने ते शब्द मागे घ्यावेत म्हणून त्याने बरेच दिवस वाट पाहिली. तिने ते घेतले नाहीत, आणि एका रविवारी दोघं आपलं सामान घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. पुढे मुलगी झाल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं. मावशींनी ते ऐकलं आणि चादर रुळाखाली सरकवली.

त्यानंतर मात्र एक भानगड सुरू झाली, जी त्यांनी दोरीवालीलाही सांगितली नाही. भांडी घासताना, बसची वाट बघताना, रात्रीचा दिवा मालवताना आतून एकच यायचं: जा. जाऊन ये. नात बघून ये. ओरडून नाही, तगादा लावून नाही, आपलं शांतपणे. हे कोण म्हणतंय ते मावशींना नेमकं ठाऊक होतं. म्हणूनच त्या जात नव्हत्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर कदाचित गेल्याही असत्या.

आपण देवाला शिक्षा करतोय अशी त्यांची पक्की समजूत होती. पण देवाचं काही अडलेलं दिसत नव्हतं. सुकत चालल्या होत्या त्या मावशी. गाणं गेलं, मग हसणं गेलं, मग बायका डबा खायला त्यांच्या बाजूला बसेनाशा झाल्या. आणि हे सगळं शेवटी चादरीत उतरलं.

मुलांच्या वॉर्डाची गाठोडी वेगळी धुवायची, त्या चादरींना खळीचा थेंब लागू द्यायचा नाही आणि जास्त पाण्यात खळबळून काढायच्या, हा धुलाईघराचा जुना नियम. कित्येक नव्या बायकांना तो मावशींनीच शिकवला होता. एक दिवस त्यांनीच तो मोडला. "वेगळं कशाला? दुखणं वाटताना वरचा लहान-मोठं बघतो का? मग चादरीने का बघावं?" असं म्हणून त्यांनी मुलांचं गाठोडं मोठ्यांच्या गाठोड्यात टाकलं.

"मावशी, पोरांना टोचेल हो," दोरीवाली म्हणाली.

"टोचू दे. जगात मऊ काय आहे?"

वरून नर्सबाईंनी एकदोनदा निरोप पाठवले. मावशींनी ते उडवून लावले. त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, तेव्हा सगळे मूग गिळून बसले.

आणि मग एका दुपारी सून धुलाईघराच्या दारात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, हातात चुरगळलेली चादर. रुळाच्या आवाजात तिला काय बोलावं सुचेना. शेवटी तिने चादर पुढे केली.

"आई, ही टोचतेय."

मावशी इतक्या चमकल्या की सुनेला ओळखल्याचंही दाखवायला विसरल्या. सवयीने म्हणाल्या, "सगळ्यांना तीच असते. नर्सला सांग."

"त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, खालून अशाच येतात. औषध अंगावर उलटलंय. अंगभर फोड आलेत, कूस बदलली तरी कातडी सोलली जातेय. ताप उतरत नाही."

"कुणाच्या अंगावर?"

"तुमच्या नातीच्या." सुनेने हुंदका आवरला. "हे म्हणत होते, जाऊ नकोस, आई अपमान करेल. म्हटलं, करू दे. पण चादर तेवढी मऊ करून द्या."

मावशींनी चादर हातात घेतली. मधोमध लालसर डाग पडले होते. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. इतकी वर्षं ज्या काठाचा त्यांना अभिमान होता, तो काठ त्यांना कापत गेला. दोरीवालीने लगबगीने स्टूल पुढे केलं, पण त्यावर त्यांनी सुनेला बसवलं आणि स्वतः चादर घेऊन कोपऱ्यातल्या दगडी हौदाकडे गेल्या. मशीनवर त्यांचा आता भरवसा नव्हता.

खळ लावणं सोपं असतं, काढणं चिवट काम. गरम पाण्यात चादर बुडवायची, चोळायची, पिळायची, ते गढूळ पाणी सोडून द्यायचं आणि पुन्हा नवं घ्यायचं. मावशी बाह्या सरसावून चोळत होत्या. दोरीवाली हळूच जवळ आली.

"मावशी, मी सांगू का त्यांना? आज काय सांगू?"

"नको," मावशी म्हणाल्या. "आज मधे कुणी नको."

आणि हौदावर वाकूनच त्या बोलायला लागल्या. दोरीवाली चार पावलं मागे सरली, सुनेने मान खाली घातली.

"ऐकतोस ना? मी आहे. इतक्या वर्षांनी आले आणि गरज पडली म्हणून आले, ते मलाही कळतंय. मी अजून रागावलेलीच आहे. माझा माणूस का नेलास ते मला समजलेलं नाही आणि तू समजावलंस तरी पटेल असं वाटत नाही. पण त्या रागाचं मी काय केलं बघ. तुला लागावं म्हणून करत गेले आणि लागलं कुणाला? पोटच्या पोराला घराबाहेर काढलं. सुनेच्या तोंडचा घास काढला. आजारी पोरांच्या अंगाखाली पत्रे अंथरले रे मी. तू जा म्हणत होतास. रोज म्हणत होतास. मला ऐकू येत नव्हतं असं नाही, ऐकून नाही म्हणत होते. चुकले मी. माझं काय करायचं ते कर, पोरीला सांभाळ. आणि समज, नाहीच सांभाळलीस..."

इथे त्यांचा हात थांबला.

"तरी आता मी बोलणं सोडणार नाही. भांडेन. पण समोर उभी राहून भांडेन."

एवढं बोलून त्या ढसाढसा रडल्या आणि रडत रडतच चादर पिळली.

चादर वाळली तेव्हा ती जुन्या धोतरासारखी मऊ झाली होती. मावशींनी ती गालाला लावून पाहिली आणि स्वतःच वर घेऊन गेल्या. वॉर्डाच्या दाराशी मुलगा उभा होता. आईला पाहून तो दारातून हलला नाही, वाटही सोडली नाही.

"उशीर झाला रे मला," मावशी म्हणाल्या. "आत येऊ?"

त्याने चादरीचं एक टोक धरलं. नर्सने मुलीला अलगद उचललं आणि मायलेकांनी मिळून चादर अंथरली. पोर गुंगीत होती. या मऊ चादरीवर टेकल्यावर ती पहिल्यांदाच विव्हळली नाही.

मावशींनी तोंड उघडलं आणि ताप उतरला, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ताप पुढे बरेच दिवस चढत-उतरत राहिला, डॉक्टरांनी औषध दोनदा बदललं, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मावशी कामावरून सुटल्या की वॉर्डात जाऊन बसायच्या. मुलांच्या सगळ्या चादरी त्या आता वेगळ्या धुवायच्या आणि वर जाऊन नर्सबाईंची त्यांनी स्वतः माफी मागितली. मोठ्या नर्सबाईंना वाटलं, ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला. त्यांनी मावशींना पुन्हा म्हणायला लावलं, आणि मावशी पुन्हा म्हणाल्या! प्रार्थनाघराचा जवळचा रस्ताही त्यांनी धरला. शेवटच्या रांगेत बसून गायच्या. सूर पार गेला होता, शेजारची बाई वळून वळून पाहायची, पण मावशींचं तिकडे लक्ष नव्हतं. पोर अजून बरी झालेली नव्हती आणि तरी बाई आभार मानत होती. कशाचे, असं दोरीवालीने विचारलं. मावशी म्हणाल्या, "त्याने दार लावून घेतलं नव्हतं गं. मला वाटलं होतं, घेतलं असेल."

मग हळूहळू ताप हटला. फोड सुकले, खपल्या धरल्या. एका सकाळी मावशी चादर बदलायला गेल्या तर पोर टक्क जागी, उशीला टेकून बसलेली. तिने मावशींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सून पाण्याचा ग्लास पुसत होती, मुलगा खिडकीशी उभा होता.

"तू आजी आहेस?" पोरीने विचारलं.

"हो गं."

"तीच का?"

"तीच म्हणजे कुठली?"

"आम्ही रोज झोपताना सांगतो ना देवाला. बाबांना सांभाळ, आईला सांभाळ आणि आजीला सांभाळ. ती आजी."

मावशींनी सुनेकडे पाहिलं. सून ग्लास पुसत राहिली, जरा जास्तच वेळ. "रोज?" एवढंच मावशींच्या तोंडून निघालं.

"एक दिवस चुकवू देत नाही ही," मुलगा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी कितीदा म्हटलं, जाऊ दे, तिला नको असेल. तर म्हणते, त्यांना नको असेल, आपल्याला हव्यात."

मावशी पलंगाच्या कडेवर बसल्या. जिला देवाचं नाव घेतलं म्हणून घरातून काढलं, तिने ते नाव घेऊन रोज त्यांच्यासाठीच मागणं मागितलं होतं. त्यांनी सुनेचा ओला हात धरला आणि कपाळाला लावला. सुनेने तो सोडवून घेतला नाही.

पोरीला मात्र आपल्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. तिने आजीचा पदर ओढला.

"मग सांभाळलं का त्याने तुला?"

"सांभाळलं गं राणी," मावशी म्हणाल्या. "मी नको नको म्हणत होते, तरी सांभाळलं."