रानात राहायची कुकरी

पुण्यात ऑफिसातल्या मंडळींनी कॅम्पिंग ठरवलं आणि नेपाळी वाकड्या पात्याची कुकरी निवडायचं काम माझ्या गळ्यात मारलं. "तू बीडचा, तुला कोयत्यातलं कळतं." एरवी मी बीडचा असल्याचं कुणाला आठवत नाही. मी मुकाट्यानं चांगली निवडली. पातं जाड पाठीचं, पोलाद थेट मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, मूठ घामातही न निसटणारी. दसऱ्याला आष्टीजवळ गावी गेलो तेव्हा ती पिशवीतच होती.

खंडेनवमीला वडील ऊसतोडीचे कोयते पुजायला बसले, तेव्हा मी कुकरीही शेजारी ठेवली. त्यांनी ती उचलली, सवयीनं कमरेत वाकले आणि जमिनीलगत हवेतच घाव घातला. जन्मभर ऊस बुडातून तोडलेला. बुडखा जरा वर राहिला की मुकादम आईवरून शिव्या द्यायचा.

"ह्यानं ऊस तुटायचा न्हाई."

"उसासाठी न्हाई, अण्णा. सरपण तोडायला. आमी तंबू ठोकून रानात राहणार हाय."

"कावून?"

"हौस म्हणून," मी म्हणालो आणि माझाच मला संताप आला. कसली डोंबलाची हौस? थंडीत कुडकुडत, शाळा बुडवून, सगळं लहानपण उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, वीतभर झोपडीत काढलं. त्याला कुणी कॅम्पिंग म्हणालं नाही.

अण्णांनी कुकरीला कुंकू लावलं, पण कोयत्यांपासून लांब सरकवली. मग सिमेंटच्या भिंतीवर तळहात टेकवून म्हणाले,

"आता घर हाय की रं."