टिकली गोल होती

नव्वदच्या दशकात मी रास अल खैमात एका खासगी शूटिंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये होतो. रायफलची काडतुसं हाताने भरायचं काम. माझ्या हाताखाली सांगलीकडचा एक माणूस होता, फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, वयाने माझ्यापेक्षा मोठाच. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला साहेब म्हणायचा. मला ते आवडायचं.

काडतुसाच्या पुंगळीच्या बुडाशी धातूची एक बारीक गोल टिकली बसवतात. पिन तिच्यावर आपटली की आतली दारू पेटते. गोळी सुटल्यावर टिकलीकडे बघून आत दाब किती झाला याचा अंदाज घ्यायचा. कडा गोलसर राहिल्या तर बहुधा ठीक. ती चपटी होऊन पसरली, वर रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची सरकती खिट्टी, उघडायला जड गेला, तर दारू कमी करायची. हा माणूस एकेक रिकामी पुंगळी भिंगाखाली धरून बसायचा. मी त्याचं नावच टिकली ठेवलं. "काय टिकली, वहिनींच्या कपाळाकडे तरी कधी एवढं बघितलंस का?" असं चारचौघांत विचारायचो. केरळी स्टोअरकीपरला मुद्दाम हिंदीत अर्थ समजावला, मग तोही त्याला बिंदी म्हणायला लागला. तो खाली मान घालून हसायचा, आणि हसतो म्हणून मला आणखी चेव यायचा.

दारूचं माप मी जानेवारीत ठरवलं होतं, सकाळच्या गारव्यात, अंगात स्वेटर घालून. छापील तक्त्याच्या अगदी वरच्या टोकाला. गोळी जोरात जायची म्हणून मेंबर खूश होते, मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, तोही खूश होता. मग मे महिना लागला. रेंजवरच्या पत्र्याच्या टेबलावर काडतुसांचे डबे उन्हात पडून राहायचे. हात लावला तर चटका बसायचा.

एका सकाळी त्याने माझ्यापुढे पाच पुंगळ्या ओळीने मांडल्या. जानेवारीपासून दर महिन्याची एक.

"साहेब, माप तेच हाय. पण टिकली महिन्यागणिक चपटी हुत चाललीया. बोल्टबी जड उघडतोय. उन्हानं दाब वाढतोय. माप खाली आणूया."

त्याचं बरोबर आहे हे मला बघताक्षणी कळलं. राग आला तो त्याचाच. दारात स्टोअरकीपर उभा राहून ऐकत होता.

"घाबरलास होय?" मी म्हणालो. "फौजेत काय भांडी घासत होतास? चल, बाहेरचा डबा तूच टेस्ट कर. यल्ला."

"सावलीत जरा गार हू द्या, मग मारतो."

"नसेल जमत तर सांग. मुदीरला सांगून व्हिसा कॅन्सल करतो."

त्याच्या दोन मुली कॉलेजात होत्या, हे मला माहीत होतं. त्याने चष्मा लावला आणि तो रेंजवर गेला.

तिसऱ्या गोळीला आवाज वेगळाच आला. पुंगळी फुटली होती. चष्म्याच्या बाजूने पितळेचा तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात शिरला. त्याला गाडीत घालून नेल्यावर मी लाकडी हातोडीने ठोकून बोल्ट उघडला. टिकली पार सपाट झाली होती. मी ती पुंगळी खिशात टाकली.

मुदीर धावत आला. "क्या हुआ?"

"कारतूस का खाली केस चेक करना इसका काम था, सर. पुराना, क्रॅकवाला भर दिया."

"खलास. घर भेजो इसको."

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने माप खाली आणलं आणि डबे सावलीत ठेवायला सांगितले. ओळीतल्या त्या पाच पुंगळ्या भंगारात फेकल्या. मला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो. डोळा गेला होता. मला बघून तो उठून बसायला लागला. घरी कळवलं का, तिकिटाचं काय, यातलं काही त्याने विचारलं नाही.

"साहेब, टिकली कशी हुती?"

पुंगळी माझ्या खिशातच होती.

"गोल होती," मी म्हणालो.

तो परत उशीला टेकला.

"मग दाब नव्हता. पुंगळीच तडकलेली असणार. माझ्याच नजरेतनं सुटली, साहेब."

मी हो म्हणालो.