परत आलेली गाठी

हे बायकोलासुद्धा ठाऊक नाही. अप्पांना तर नव्हतंच — आणि आता ते कळण्याच्या पलीकडे गेले. तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका. मलाच नीट सांगता येणार नाही.

आज पाडवा. अप्पा थंडीत गेले, म्हणून यंदा आमच्या नल्लकुंट्याच्या घरावर गुढी नाही. सकाळी शेजारच्या तेलुगू घरातून उगादीची पचडी आली — चिंच, गूळ, कडुलिंबाचा फुलोरा. आणून देणाऱ्या बाई दरवर्षीसारख्याच हसून म्हणाल्या, गेलं ते गिळून टाका, पुढचं बघा. मी वाटी धरून तसाच उभा. गिळून टाकायचं? दुसरं काय करत आलोय मी — अर्धं आयुष्य?

रझाकारांचे दिवस होते. मी तेव्हा कॉलेजात. शहरात रोज नवी अफवा. अप्पा कोर्टात नोकरीला. त्यांनी ठरवलं, सगळ्यांनी सोलापूरला काकांकडे जायचं, संध्याकाळच्या गाडीनं, नामपल्ली स्टेशनवरून. त्यांची थोरली बहीण — माझी आत्या — विधवा, मुसी नदीपलीकडे शालीबंड्याला एकटी राहायची. अप्पा मला म्हणाले, "जा, आक्काला घेऊन ये. नेसत्या लुगड्यानं आली तरी चालेल."

मी निघालो. अफझलगंजच्या पुलापर्यंत गेलो — आणि थांबलो. पुलावर मोर्चा होता, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. नव्हता. रोजच्यासारखे टांगे चालले होते, एक बाई जांभळं विकत होती. मला कुणी अडवलं नाही, वळूनही पाहिलं नाही. पाय उचलेनात — एवढंच. दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसलो, शालीबंड्याला जाऊन यायला लागेल तेवढा वेळ जाऊ दिला, आणि घरी येऊन सांगितलं, "आत्या नाही म्हणते. म्हणते, माझं घर सोडून कुठं जाऊ?"

सगळ्यांना पटलं. आत्या हट्टी होतीच. गाडी सुटेपर्यंत अप्पा स्टेशनच्या फाटकाकडे बघत होते. मग म्हणाले, "तिला घर मोठं. भाऊ नाही."

तुम्ही म्हणाल, वय लहान होतं, भ्यालास. हो, भ्यालो. पण खरं सांगायचंय ते याच्या पुढचं.

पोलीस ॲक्शन झाली, रझाकार संपले, आम्ही परतलो. आत्या सुखरूप होती — शेजारच्या बेगमसाहेबांनी ते सगळे महिने तिला आपल्या घरात ठेवून घेतलं होतं. अप्पा तिच्याकडे गेले नाहीत, ती आमच्याकडे आली नाही. मग पाडवा आला. गल्लीत सगळीकडे गुढ्या, कुणाच्या मनात धास्ती नाही. अप्पांचाही राग निवळला होता. साखरेची मोठी गाठी आणून त्यांनी माझ्या हातात दिली. "आक्काला दे. म्हणावं, नवं वर्ष आहे, सोड आता."

या खेपेला मी पूल ओलांडला. आत्यानं दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही.

"काय रे दत्ता, गाडीत मला जागा नव्हती व्हय? निरोप तरी धाडायचा होता. गठुडं बांधून बसले होते की मी."

तेव्हा सांगायचं होतं. आता कसली भीती होती? कुणाची? — आणि माझ्या तोंडून निघालं, "अप्पा म्हणाले होते, तुला आणायला वेळ नाही."

तिनं गाठी माझ्या हातात परत ठेवली. "त्यालाच म्हणावं खा."

घरी अप्पांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, काही नाही, नको म्हणाली.

त्यांनी पुन्हा गाठी पाठवली नाही. पण दर पाडव्याला संध्याकाळी गुढी उतरवताना पुटपुटायचे — "एवढा कसला राग गं, आक्का?" शिडी धरून मी खाली उभा असायचो. सांगणार कसं? एक खोटं कबूल केलं की ते तिच्याकडे जाणार, आणि दुसरं खोटं उघडं पडणार. दर वर्षी वाटायचं, यंदा. दर वर्षी शिडी घडी करून आत ठेवायचो.

आज दुपारी दारात रिक्षा थांबली. आत्या. अप्पांच्या दहाव्यालाही न आलेली, आता कमरेत वाकलेली. हातात कागदात गुंडाळलेली गाठी. अप्पांच्या फोटोसमोर ती जाऊन उभी राहिली.

"जाऊ दे," ती फोटोलाच म्हणाली. "लेकरंबाळं होती, घाबरला असशील. सोडलं बघ मी."

तिचा हात फोटोपर्यंत पोचेना. गाठी तिनं माझ्याकडे दिली. मी घातली — नीट, मधोमध.

मग माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "तू तरी आला होतास रे, गाठी घेऊन."

अप्पांनी काहीही केलं नव्हतं.

तिनं चहा घेतला. मी हात धरून तिला रिक्षात बसवलं, लुगड्याचा पदर चाकात जाईल म्हणून आत सारला, आणि गप्प राहिलो.