इंदिरानगरातून दिलेली साक्ष

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, अमेरिकेतल्या एका डिटेन्शन सेंटरमध्ये आहेत हे आमच्या नात्यात फक्त आईला, मावशीला आणि मला माहीत होतं. मावशीच्या गावी, नांदगावात कुणी विचारलं तर ती सांगायची, त्यांचा फोन बिघडलाय. काका टुरिस्ट व्हिसावर गेले आणि परत आलेच नाहीत, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. हायवेवरच्या एका मोटेलमध्ये ते खोल्या साफ करायचे, नळ दुरुस्त करायचे. तिथेच एका सकाळी पकडले गेले.

मला खरं तर यात पडायचं नव्हतं. मी बोलते कमी, आणि दुसऱ्याच्या घरातलं काही कळलं की मला अवघडल्यासारखं होतं. पण घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मीच. त्यामुळे काकांच्या वकील बाईंचे ईमेल माझ्याकडे यायला लागले. या बाई तिकडच्याच, अशा लोकांना मदत करणाऱ्या एका संस्थेतल्या. पहिल्याच ईमेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं की या कोर्टात सरकार वकील देत नाही, पण स्वतःचा वकील करायचा काकांना हक्क आहे. सरकारने विरुद्ध काय आणलंय ते बघायचा हक्क आहे. कळेल त्या भाषेत सगळं ऐकायचा आणि आपल्या बाजूने साक्षीदार आणायचाही. मी ते पुन्हा वाचलं. ज्याच्याकडे राहायचा कागदच नाही त्याला कोण विचारतंय, असंच मी धरून चालले होते.

मावशीला यातलं एकच हवं होतं.

"परत पाठवतील तर पाठवू दे, मला तर ते घरी पायजेतच," ती म्हणाली. "पण तसं नको."

तसं म्हणजे बातम्यांत दाखवतात तसं. हातापायांत बेड्या घातलेली माणसं विमानात चढताना तिने शेजारणीच्या टीव्हीवर पाहिली होती, आणि त्यात कुठे काका दिसतात का म्हणून पडद्याजवळ जाऊन एकेक चेहरा शोधला होता. शेजारणीला वाटलं, हिला डोळ्यांचा त्रास सुरू झालाय.

वकील बाईंच्या म्हणण्याप्रमाणे दोन गोष्टी होऊ शकत होत्या. न्यायाधीशांनी हकालपट्टीचा हुकूम दिला तर सरकारच काकांना आणून सोडणार, बहुधा तसंच. नाहीतर स्वेच्छेने देश सोडायची परवानगी मिळणार. मग काका स्वतःच्या तिकिटावर, इतर प्रवाशांसारखे येणार. सरकारी वकिलाचा त्याला विरोध होता. एवढी वर्षं लपून राहिलेल्या माणसाची तिकडे कोण वाट बघतंय, सोडलं की हा पुन्हा गायब होईल, असं त्याचं म्हणणं. म्हणून मावशीने शपथेवर सांगायचं की घर आहे, मी आहे, ते इथेच येणार.

"मी सांगायचं? अमेरिकेच्या जजला?"

"हो मावशी."

"अन् तो ऐकून घेईल?"

मी ईमेलमधली साक्षीदाराच्या हक्काची ओळ तिला मराठीत वाचून दाखवली.

सुनावणी व्हिडिओ कॉलवर, तिकडे सकाळी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी होती. मावशी दुपारच्या गाडीने शहरात, इंदिरानगरला आमच्याकडे आली. कडक इस्त्रीची साडी, कपाळाला मोठं कुंकू. आईने दारातच विचारलं, "ताई, एवढी नटलीस ती जजसाठी का दाजींसाठी?"

"गप गं. पडद्यावर जरा बरं दिसावं माणसानं."

लॅपटॉप सांभाळायला मावशीजवळ एकच माणूस चालेल असं वकील बाईंनी कळवलं होतं, त्यामुळे आईला खोलीत थांबता येणार नव्हतं. ती शेजारच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसली. लॅपटॉपवर चौकटी उघडल्या. चष्मा लावलेले, उतारवयाचे न्यायाधीश, दोन बाजूंचे दोन वकील, आणि एका पांढऱ्या भिंतीपुढे निळ्या ढगळ कपड्यांत काका. मराठीची दुभाषी बाई दिसत नव्हती, तिचा फक्त आवाज येत होता. मावशीने काकांना पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला.

न्यायाधीशांनी विचारलं, खोलीत आणखी कोण आहे? मी हळू आवाजात म्हणाले, मी साक्षीदाराची भाची. ते म्हणाले, तुम्ही थांबा, पण कॅमेऱ्यात दिसा, एक शब्द बोलू नका, खूण करू नका. मी खुर्ची सरकवून हात टेबलावर ठेवले. गप्प बसायला मला कधीच जड गेलेलं नाही.

मावशीने शपथ घेतली. स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग दुभाषी बाईंचा आवाज आला, "तुमच्या पतीचं पूर्ण नाव सांगा."

मावशी गप्प.

मला लगेच कळलं. काकांचं नाव मावशीने कधीच घेतलेलं नव्हतं. रेशन दुकानात, बँकेत, दवाखान्याच्या खिडकीवर कुणी विचारलं की ती सोबतच्या माणसाकडे बघायची आणि तो सांगून टाकायचा. लहानपणी सुट्टीत ते काम माझं असायचं. आताही तिने मान वळवली आणि माझ्याकडे तस्संच बघितलं. माझं तोंड उघडलं. न्यायाधीश माझ्याकडेच बघत होते. मी ओठ मिटून घेतले. बोलायची इतकी घाई मला आयुष्यात कधी झाली नव्हती.

प्रश्न पुन्हा आला.

"ते काय, समोर बसलेत ना," मावशी म्हणाली.

सरकारी वकिलाने माइक सुरू केला. बाई म्हणतात मी पत्नी, आणि नवऱ्याचं नाव सांगता येत नाही. या नक्की कोण आहेत याचीच मला शंका आहे. दुभाषी बाईंनी हेसुद्धा जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

"कोण म्हंजे? बायको हाय मी त्यांची!" मावशी चिडली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आमच्यात घेत नाय. मालकाचं नाव बाईनं घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. आता हसतील नाहीतर ओरडतील, असं मला वाटलं. आपल्याकडच्या खिडक्यांवर तिला "लवकर बोला" एवढंच ऐकवलेलं मी पाहिलं होतं. ते इंग्रजीत म्हणाले, कोर्टाला घाई नाही. ज्याने आपल्या नवऱ्याला इजा होईल असं बाईंना वाटतं, ते करायला मी त्यांना भाग पाडणार नाही. पण त्या कोण हे मला त्यांच्याच तोंडून कळायला हवं. त्यासाठी काय करता येईल, ते त्यांनीच सांगावं.

दुभाषी बाई ते मराठीत सांगेपर्यंत काही क्षण गेले. तेवढ्या वेळात आमच्या घरात ही गोष्ट एकट्या मला माहीत होती. काकांना बेड्या घालून पाठवायचा अधिकार ज्यांच्या हातात, ते आपला निकाल बाजूला ठेवून माझ्या मावशीच्या भीतीसाठी थांबले होते.

मावशीने विचार केला. "त्यांना विचारू का?"

साक्ष देताना मधेच काकांशी बोलायचं नसतं. न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला विचारलं, हरकत आहे? तो म्हणाला, नाही.

"अहो," मावशी म्हणाली, "घेऊ का?"

काका इतका वेळ खाली बघत होते. त्यांनी मान वर केली. "घे की बिनधास्त. माझं आयुष्य आता तुझ्याकडं कुठंय, ह्या साहेबांच्या हातात हाय."

हेही इंग्रजीत सांगावं लागलं. सरकारी वकील ओठ चावत कागद चाळायला लागला.

मावशीने हात जोडले आणि नाव घेतलं. काकांचं, सासऱ्यांचं, आडनाव, सगळं स्पष्ट. काकांनी बाहीने डोळे पुसले. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिने घेतलंय.

पुढचं सोपं गेलं. घरी कोण आहे? मी अन् सासूबाई. ते परत येतील याची खात्री काय?

"येतील. नाय आले तर मी हाय अन् ते हायेत."

थोड्या वेळाने न्यायाधीशांनी निकाल वाचला. परवानगी मिळाली होती. वाक्यं लांबलचक होती. मावशी शेवटपर्यंत थांबली आणि मग तिने सरळ त्यांनाच विचारलं, "म्हंजे बेड्या नाय ना?"

"तुमचे पती इतर प्रवाशांसारखे तिकीट काढून घरी येतील," न्यायाधीश म्हणाले.

मावशीने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. दुभाषी बाईंनी पुन्हा सांगितलं. मग परवानगी वगैरे काही न विचारता ती काकांच्या चौकटीकडे वळली आणि म्हणाली, "मग या आता. वाट बघते."

तिला कुणी थांबवलं नाही. दुभाषी बाईंनी तेही इंग्रजीत सांगितलं.